पंडिता रमाबाई आणि मध्य प्रांताच्या मुली



पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांना नवीन नाही. त्यांची विद्वत्ता, त्यांचा परदेशप्रवास, त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर यांविषयी शब्बाथ शाळेत आपण मुलांना सांगत असतो. परंतु त्यांच्या आयुष्यातील एक प्रकरण अगदी आपल्या दाराशी घडले, आणि नेमके तेच आपण बहुधा विसरतो. 1896-97 साली रमाबाई पुण्याचे घर सोडून भुकेल्या मुलींच्या शोधात निघाल्या, त्या आपल्याच मध्य प्रांतात आल्या होत्या. पांढुर्णा आणि सौसर हा मुलूख तेव्हा मध्य प्रांताच्या छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा मराठी बोलणारा हा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला, आणि 2023 साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. केडगावच्या मुक्ती मिशनचे पहिले मोठे कुटुंब मध्य प्रांताच्या दुष्काळी मुलींचे होते. म्हणून ही कथा आपल्या घरची समजून वाचावी अशी विनंती आहे.

भुकेची ओळख

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या अरण्यात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित. स्त्रियांना विद्या शिकवू नये असे मानणाऱ्या त्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्याबद्दल जातभाईंचा रोष पत्करला आणि रानात आश्रम करून राहिले. रमाबाई लहान असतानाच ते घर मोडले. नंतर सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांत पुराणे सांगत गावोगाव फिरू लागले. लेकीला विद्या दिली ती आईने, त्या फिरतीत, पहाटेच्या वेळी.

1874 ते 1877 या काळात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकून दक्षिणा देणारे हात आखडले. होते नव्हते ते किडूकमिडूक विकून झाले. मोलमजुरी करण्याची रीत त्या घराला ठाऊक नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटे. रानातला पाला आणि कच्ची फळे खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, काही महिन्यांनी थोरली बहीण गेली. आईची तिरडी उचलायला पुरेसे खांदेकरी मिळेनात. दोघे मिळाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. अंगलट ठेंगणी असल्यामुळे खांदा पुरेना; तेव्हा तिने आपल्या बाजूचे टोक डोक्यावर घेतले आणि दूरच्या स्मशानापर्यंत आईला पोहोचवले. तेव्हा ती अवघी सोळा-सतरा वर्षांची पोर होती.

पुढे बहीणभाऊ पायी उत्तरेकडे निघाले. थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नसे. पंजाबात झेलम नदीच्या काठी रात्र काढताना वाळूत खड्डे करून ती दोघे त्यात निजली आणि वरून वाळू ओढून घेतली, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत नोंदून ठेवले आहे. हे सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच की, वीस वर्षांनी मध्य प्रांतातील मुलांची हाडे पाहून रमाबाईंना जे कळले ते कोणत्याही अहवालातून कळलेले नव्हते. ती भूक त्यांच्या ओळखीची होती.

मानसन्मान आणि वैधव्य

1878 साली बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीचे बंधन न मानता नोंदणी पद्धतीने विवाह केला. 1881 च्या एप्रिलात मनोरमा जन्मली. दुसऱ्या वर्षी, 1882 च्या फेब्रुवारीत, पटकीने पतीचा अंत झाला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. माहेर नाही, सासरचा आधार नाही आणि पदरात तान्ही मुलगी. पतीच्या घरी असताना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची एक प्रत त्यांच्या हाती आली होती. ते बीज तेथे पडले.

1882 साली त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिले, आणि सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर तयार करा, अशी मागणी केली. 1883 साली त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या.

तेथे त्यांच्या आयुष्याला वळण देणारी गोष्ट घडली, ती व्यासपीठासमोर नव्हे तर एका सेवागृहात. लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनी वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवीत. ज्यांच्या सावलीलाही लोक उभे राहत नाहीत अशा बायकांची शुश्रूषा चांगल्या घरच्या स्त्रिया प्रेमाने करताना रमाबाईंनी पाहिल्या. त्यांनी सारी शास्त्रे वाचली होती, पण असे दृश्य त्यांनी आजवर पाहिले नव्हते. हे कशामुळे, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. योहानाच्या शुभवर्तमानातील तो चौथा अध्याय रमाबाईंच्या मनात घर करून राहिला. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. प्रथम त्यांनी सेवा पाहिली आणि मग त्या सेवेच्या मुळाशी कोण आहे याचा शोध घेतला.

बाप्तिस्मा घेतला तरी त्या कोणाच्या हातातील बाहुली झाल्या नाहीत. जे पवित्र शास्त्रात आपल्याला दिसत नाही ते कोणी पाळक किंवा बिशप सांगतो म्हणून मान्य करावयाचे, हे त्यांना पटेना. भगिनींशी त्यांचे या बाबतीत पुष्कळ खटके उडाले. प्रभूची खरी ओळख आपल्याला बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी झाली, असे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितले आहे.

शारदा सदन

1886 साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ठिकठिकाणी व्याख्याने दिली, आणि 1887 साली बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. भारतातील विधवांच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य करण्याचे त्या संस्थेने कबूल केले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. आरंभी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली होत्या. त्यांतील गोदूबाई पुढे 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. 1890 साली सदन पुण्यास हलले.

या शाळेत धर्माची सक्ती नव्हती. मुली आपापल्या चालीरीती पाळीत. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, त्या वेळी दार मात्र उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. यावरून 1893 साली पुण्यात मोठे वादळ उठले. केसरीने कडक टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि पालकांनी सुमारे पंचवीस मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावून घेतले नाही आणि कोणाला ओढून आतही आणले नाही. हळूहळू शाळा पुन्हा भरली.

अमेरिकेतील मदतीची दहा वर्षांची मुदत 1898 साली संपणार होती. पुढे काय, या विचाराने त्यांनी पुण्यापासून सुमारे 55 किलोमीटरवर केडगाव येथे रेल्वेजवळ जमीन घेतली आणि तीत संत्री, लिंबू, आंबा अशी फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी हा हेतू. संत्र्याचे कलम लावल्यापासून बहर धरेपर्यंत किती वर्षे कळ काढावी लागते हे सौसर-पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. प्रार्थना करणारी ही बाई मातीचा हिशेबही नीट करीत होती.

1896 साली लोणावळ्यास भरलेल्या ख्रिस्ती मेळाव्याला त्या आपल्या 15 मुलींना घेऊन गेल्या. या मुलींनी ख्रिस्ताचा स्वीकार केला होता. एके पहाटे त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसल्या असता रमाबाईंनी देवाजवळ मागणे केले की, हा आकडा त्याच आकड्याने गुणून मिळावा. पंधरा पंधरे सव्वादोनशे. शारदा सदनात पन्नासभर मुलींची सोय असताना 225 मुली कोठून यावयाच्या आणि कोठे राहावयाच्या, याचा काहीच अंदाज नव्हता. आपण असे काही मागतो तेव्हा आपल्या मनात सुखाचे उत्तर असते. त्यांना मिळालेले उत्तर हाडांच्या सापळ्यांच्या रूपाने आले.

मध्य प्रांताचा दुष्काळ

1896 पूर्वीची दोन-तीन वर्षे मध्य प्रांताला वाईटच गेली होती. अवेळी व अति पावसाने गव्हावर तांबेरा पडून पिके बुडाली होती, आणि कास्तकाराच्या कणगीत शिल्लक उरली नव्हती. त्यात 1896 साली पावसाने मध्येच पाठ फिरवली. खरीप करपले आणि रब्बीला ओल उरली नाही. धान्याचे भाव चढले. बाजारात धान्य दिसे, पण मजुराच्या हातात पैसा नसे, कारण शेतीला काम नव्हते. सरकारने खडी फोडण्याची व रस्त्यांची कामे काढली आणि ज्यांना काम झेपत नाही अशांसाठी अन्नगृहे उघडली. पांढुर्णा आणि सौसरला तेव्हा रेल्वे पोहोचली नव्हती. आडगावची माणसे अन्नाच्या शोधात मोठ्या रस्त्यांकडे चालत सुटत आणि कित्येक वाटेतच पडत.

ही हकीकत पुण्यास रमाबाईंच्या कानी आली. त्यांची ऐपत मर्यादित होती. नव्या मुली आणल्या तर त्यांना खायला काय घालावयाचे, हा प्रश्न होता. पण स्वतःच्या आईवडिलांचे आणि बहिणीचे मरण डोळ्यांपुढून हटेना. त्या निघाल्या आणि स्वतः पाहण्यासाठी प्रांतात आल्या.

त्यांनी पाहिलेले पहिले अन्नगृह म्हणजे गृह नव्हतेच. गावाबाहेरची ती एक झाडी होती. उघड्यावर, राखेत आणि घाणीत माणसे बसली होती, काही ढिगासारखी पडून होती. अंगावर चिंध्या, तोंडात व्रण, पोटे खपाटीला गेलेली. तेथे मिळणारे अन्न अपुरे आणि पुष्कळदा खाण्यालायक नसे. याहूनही भयंकर गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. अशा ठिकाणी वाईट हेतूने फिरणारी माणसे तरुण मुलींवर डोळा ठेवून असत. मूठभर अन्नाच्या लोभाने मुलगी त्यांच्याबरोबर गेली की तिचा जन्म बरबाद होई. जीव वाचवण्यासाठी उघडलेल्या जागीच अब्रू विकली जाई. रमाबाईंना फुलहॅमचे ते घर आठवले असल्यास नवल नाही. तेथे वाट चुकल्यानंतर परत आणण्याचे काम चाले; येथे वाट चुकण्यापूर्वीच हात धरता येणार होता.

त्यांनी निश्चय केला आणि गोळा केलेल्या मुली तुकड्यातुकड्यांनी पुण्यास पाठवू लागल्या. लोकांत अफवा पसरली होती की, ख्रिस्ती लोक मुलींना खाऊ घालून लठ्ठ करतात आणि मग उलटे टांगून त्यांच्या डोक्यातून तेल काढतात. बिचाऱ्या मुली भाकरी दिसली की झडप घालीत, अर्धी खात, अर्धी लपवून ठेवीत, आणि देणाऱ्या हाताकडे संशयाने पाहत. कोणी भांडत, कोणी चोरून खात, कोणी पळून जाऊ पाहत. पुष्कळ आजारी होत्या. आधीच खंगलेल्या काही मुली घरी पोहोचूनही वाचल्या नाहीत. त्यांना न्हाऊ घालणे, जखमा धुणे आणि थोडे थोडे अन्न देऊन पोटाला सवय लावणे ही कामे शारदा सदनातील जुन्या मुलींनी अंगावर घेतली. यांतील कित्येक ब्राह्मण घरच्या विधवा होत्या. कालपर्यंत ज्यांना समाजाने अशुभ मानले त्या आज आजारी, अनोळखी, जातीपातीच्या पलीकडच्या मुलींच्या आया झाल्या. मध्य प्रांतातून अशा सुमारे 300 मुली रमाबाईंच्या घरी आल्या. मागितलेल्या 225 पेक्षाही अधिक.

केडगावची वसाहत

नेमक्या याच वेळी पुण्यात प्लेगने थैमान मांडले. शहरात एवढ्या मुली एकत्र ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. आणलेल्या मुलींना परत रस्त्यावर कसे सोडावयाचे? रमाबाईंनी त्यांना केडगावच्या शेतावर नेले. घरे नव्हती. झोपड्या आणि तात्पुरते आडोसे उभारले, आणि बागेसाठी घेतलेली जमीन माणसांसाठी कामी आली. पुण्याच्या प्लेग छावण्यांत स्त्रियांच्या अब्रूची हेळसांड होते अशी जाहीर तक्रारही त्यांनी 1897 साली वृत्तपत्रातून केली. राज्यकर्ते ख्रिस्ती म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही. गव्हर्नरने ती तक्रार झिडकारली, पण बोलावयाचे ते त्या बोलल्या होत्या.

1898 साली केडगावच्या पक्क्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्या वसाहतीला मुक्ती हे नाव मिळाले. 1899-1900 साली, म्हणजे संवत 1956 च्या छप्पनच्या दुष्काळात, गुजरात आणि भोवतालचा प्रदेश होरपळला, तेव्हा रमाबाईंनी पुन्हा माणसे धाडली. या वेळी शोधायला गेलेल्यांत मुक्तीमध्ये वाढलेल्या स्त्रियाही होत्या. 1900 सालच्या सुमारास मुक्तीत सुमारे 1,900 जीव राहत होते.

इतक्या माणसांना जेवू घालणे हेच मोठे काम. रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दुष्काळ संपला की अन्नगृहे बंद होतात. मग त्या मुलीने जावे कोठे? म्हणून मुक्तीत प्रत्येकीला अक्षरओळख आणि हाताला काम दिले जाई. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, स्वयंपाक, धुलाई, छपाई ही सारी कामे स्त्रिया करीत. अंध स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था होती. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि त्यांना वाचावयास शिकवले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन अशी निरनिराळी घरे झाली. एखादी फार लहान, फार म्हातारी किंवा फार बिघडलेली आहे म्हणून तिला जागा नाही, असे म्हणण्याची सोय रमाबाईंनी ठेवली नाही.

पैशासाठी त्या जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांच्यासारख्या देवमाणसांची चरित्रे वाचून शिकल्या होत्या. गरज देवापुढे मांडावी, ऋण काढू नये आणि मिळालेल्या पैचा चोख हिशेब ठेवावा. विश्वास म्हणजे हातपाय न हलवता बसणे असा त्यांचा समज नव्हता. अवर्षणात त्यांनी विहिरी खणवल्या आणि जमिनीतून पाणी काढले.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तो तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. दुष्काळी मुलींना आणून रमाबाईंनी ख्रिस्ती केले, असे म्हणतात. मुक्ती हे उघडपणे ख्रिस्ती घर होते, तेथे पवित्र शास्त्र शिकवले जाई, आणि हे रमाबाईंनी कधी लपवले नाही. आपणही ते लपवू नये. परंतु आंधळ्या म्हातारीला ब्रेल शिकवणारी, संसर्गाने सडलेल्या जखमा धुणारी बाई आकडे वाढवण्यासाठी ते करीत नव्हती, हेही तितकेच उघड आहे. भुकेल्यापुढे भाकरी ठेवताना अट घातली की ती भाकरी आमिष होते, आणि सेवेची साक्ष तेथेच नासते. मुलांना हा धडा शिकवताना हा भेद स्पष्ट सांगावा.

शेवटची वर्षे

1905 साली मुक्तीत मोठे संजीवन झाले आणि त्याची वार्ता जगभर पोहोचली. पण त्यानंतरही चूल पेटायची, गाई दोहायच्या आणि मुली शाळेत जायच्या. रमाबाईंनी याच काळात नवे काम हाती घेतले होते. प्रचलित मराठी भाषांतरातील शब्द खेड्यातील अल्पशिक्षित बाईला उमगत नाहीत, असे त्यांना दिसले होते. म्हणून त्या उतारवयात इब्री आणि हेल्लेणी भाषा शिकल्या आणि साऱ्या पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हणून गौरवलेली ही विदुषी खडी फोडणाऱ्या बाईला समजेल असा शब्द शोधत बसे. खिळे जुळवण्याचे आणि छापण्याचे काम मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी केले.

1919 साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. 24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाई वारल्या. आईचे काम पुढे चालवील असे ज्या एकुलत्या लेकीकडे पाहून वाटत होते, ती आधी गेली. तरीही रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही, ते पुरे केले. 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे त्या प्रभूकडे गेल्या. त्यांचे संपूर्ण पवित्र शास्त्र 1924 साली प्रसिद्ध झाले. 1989 साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुक्ती मिशनचे काम केडगावात आजही चालू आहे.

आपल्यासाठी

वाचकहो, आता आपल्या मुलखाकडे वळू. तो दुष्काळ इतिहासजमा झाला. आज सौसर-पांढुर्ण्यात संत्र्याच्या बागा आहेत, कापूस आहे, रेल्वे आहे, दवाखाने आणि शाळा आहेत. तरी कापूस वेचण्याच्या आणि संत्री तोडण्याच्या हंगामात सातपुड्याच्या डोंगरपट्ट्यातून बिऱ्हाडे पाठीवर घेऊन माणसे येतात. त्यांची लहान मुले बांधावर खेळतात आणि मोठी मुलगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळते. नवऱ्याने टाकलेली, माहेरच्यांनी दार लावलेली बाई आपल्याही गल्लीत असते. नाताळात आपण चादरी वाटतो, फराळ देतो आणि ते चांगलेच करतो. पण जानेवारीत ती बाई कोठे असते, हे आपल्या मंडळीत कोणाला ठाऊक असते काय?

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे जे चित्र प्रभूने रेखाटले आहे, त्यात भुकेल्याला अन्न दिले काय, एवढेच विचारलेले नाही. परक्याला घरात घेतले काय, हेही विचारले आहे. पहिले काम वर्गणी काढून होते. दुसऱ्यासाठी घरातील एक कोपरा आणि मनातील बराचसा कोपरा रिकामा करावा लागतो. रमाबाईंनी मध्य प्रांतात येऊन अन्न वाटले असते आणि त्या परत गेल्या असत्या, तरी लोकांनी त्यांना धन्य म्हटले असते. त्यांनी त्या मुलींना आपल्याबरोबर नेले आणि मरेपर्यंत आपल्याजवळ ठेवले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. एप्रिलच्या 5 तारखेच्या आसपासचा रविवार रमाबाईंच्या आठवणीसाठी ठेवावा. मुलांना पंधरा पंधरेचा पाढा विचारून ती लोणावळ्याची प्रार्थना सांगावी. ती मुलांच्या चांगली लक्षात राहते. मग वर्गातील मोठ्या मुलामुलींनी आपल्या वस्तीत शाळा सुटलेले एक तरी मूल शोधावे, त्याचे नाव विचारून घ्यावे आणि वर्षभर त्याच्या अभ्यासाला आठवड्यातून एक तास द्यावा. एका वर्गाने एक मूल, एवढेच. मंडळीच्या वडीलजनांनीही आपल्या सभेत एका निराधार बाईची जबाबदारी एका वर्षापुरती नव्हे, तर तिच्या हाताला काम मिळेपर्यंत घेता येईल का, याचा विचार करावा.

ज्या देवाने एका भुकेल्या मुलीला वाचवून तिच्या हाताने शेकडो मुली वाचवल्या, तो आपल्या लहान मंडळ्यांनाही हे काम करण्यास बुद्धी आणि बळ देवो.